इबू नेलांचं शुक्रवारचं वाचन

आमच्या वाइलेरो गावात त्यांना सगळे इबू नेला म्हणायचे. आमच्याकडे आईलाही इबू म्हणतात आणि शाळेतल्या बाईंनाही. नेलांनी लग्न केलं नाही, पण गावातल्या निम्म्या लोकांनी पहिलं अक्षर त्यांच्याच टेबलाशी उभं राहून वाचलं होतं. मीही त्यातलीच. माझं नाव तेक्ला. पुढे त्याच शाळेत मी तिसरीची बाई झाले. म्हणून हे सगळं मला माहीत आहे, आणि म्हणूनच ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

चर्चच्या मागे आमची कॅथलिक शाळा होती. सहा वर्ग, पत्र्याचं छप्पर, मधल्या चिंचेला टांगलेली गाडीच्या चाकाची लोखंडी धाव हीच घंटा. पहिलीचा वर्ग एकतीस वर्षं नेलांकडे होता आणि एकतीस वर्षं त्यांचा आठवडा एकाच चालीने चालला. सोमवारी नवीन अक्षर. मंगळवारी त्या अक्षराचे शब्द. बुधवारी चिंचोके मोजून बेरीज. गुरुवारी प्रार्थना आणि संतांच्या गोष्टी. शनिवारी गाणी आणि अंगण झाडणं. पण खरा दिवस शुक्रवारचा. त्या दिवशी एकेक मूल पुस्तक घेऊन टेबलाशी जायचं, आठवड्याचं पान बोट ठेवून मोठ्याने वाचायचं आणि नेला हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे पेन्सिलीने खूण करायच्या. खूण मिळाली नाही की सोमवारी मधल्या सुट्टीत पुन्हा तेच पान.

त्यांचा कान फार तिखट होता. शब्दाच्या शेवटी नाकातून निघणारा एक आवाज आमच्या भाषेत पदोपदी येतो. मला तो जमत नव्हता. चार शुक्रवार मला खूण मिळाली नाही. पाचव्या शुक्रवारी मी तो आवाज कसातरी गिळून पुढे गेले, तर त्या म्हणाल्या, "तेक्ला, मध्ये काहीतरी खाल्लंस. थुंक ते आणि परत वाच." मग माझा हात त्यांनी स्वतःच्या नाकावर ठेवला आणि गुणगुणल्या. बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं. तो आवाज मला त्या दिवशी आला, तो कायमचा.

मी नोकरीला लागले त्या वर्षी नेलांच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. क्षय त्यांना पूर्वीही होऊन गेला होता. दुसऱ्यांदा आला म्हणून गोळ्यांच्या जोडीला दोन महिने रोज इंजेक्शन. रोज सकाळी चालत दवाखान्यात जायच्या आणि कमरेवर हात ठेवून परत यायच्या. खोकला थांबला, अंगावर थोडं मांस चढलं, जुलैत शाळा सुरू झाली तेव्हा त्या पुन्हा पहिलीच्या दारात उभ्या. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काहीतरी बदललं होतं ते दिसत होतं. मी नीट बघितलं नाही, एवढंच. चर्चमध्ये गाणं उचलायच्या त्याच, आता ओठ मिटून उभ्या राहायच्या. मला वाटलं, दम पुरत नसेल. घंटा झाली की आधी खिडकीतून अंगणात बघायच्या, मुलं धावताना दिसली की मग उठायच्या. एकदा त्यांच्या वर्गात मी पाठमोरी फळा पुसत होते आणि विचारलं, "इबू, जेवलात का?" तर म्हणाल्या, "गुरुवारी." मी हसले आणि माझ्या वर्गात निघून गेले. हे मी पुढे फादरांपाशी कबूलही केलं. ते म्हणाले, हसणं हे पाप नव्हे. त्यांना माझं म्हणणं कळलंच नाही.

दोन वर्षांनी, त्या जुलैत पहिलीत बसलेली मुलं माझ्या तिसरीत आली. तेवीस होती. अक्षर इतकं सुंदर की मला माझ्याच अक्षराची लाज वाटावी. दुसरीला कोर्नेलिस गुरुजी होते. ते फळाभर लिहून द्यायचे, मुलं उतरवायची आणि गुरुजी मक्याला पाणी घालायला मागे जायचे. मुलं चित्र काढावं तशी अक्षरं काढायची.

पहिल्याच आठवड्यात मी केवाला वाचायला उभं केलं. केवा आजीजवळ राहायची. आईबाप मलेशियात, पाम तेलाच्या मळ्यात. अंगाने काटकुळी, पण उभी राहिली की ताठ. तिने पुस्तक सरळ धरलं, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि अडखळल्याशिवाय म्हणाली, "काका बकरीला घेऊन बाजाराला निघाले. बकरी म्हणाली, मी नाही येत. काका म्हणाले, चल मुकाट्याने."

पानावर चित्रात माणूस होता आणि बकरी होती. मजकूर होता पावसाचं पाणी साठवायच्या टाकीबद्दल.

"केवा, हे कुठे लिहिलंय?"

"इथे, इबू." बोट ठाम, ओळीच्या मधोमध.

"बकरी म्हणाली, हे कुठंय?"

तिने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत लबाडी नव्हती. मी इतकं सोपं काय विचारतेय, असं तिला वाटत होतं. चित्राकडे बघायचं, बोट डावीकडून उजवीकडे न्यायचं आणि गोष्ट बोलायची, यालाच वाचन म्हणतात अशी तिची समजूत होती. पहिलीत वर्षभर दर शुक्रवारी तिला खूण मिळाली होती.

मागच्या बाकावर दामियान नावाचा मुलगा खिदळला. "इबू, तिला खरंच वाटतं की ती वाचते."

"मग तू वाच."

तो उभा राहिला आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला. "मला येत नाही," तो म्हणाला. "पण मला माहितीये की मला येत नाही."

त्या आठवड्यात मी तेवीसही मुलांना वेगवेगळं बसवून वाचायला लावलं. पाच जणांना येत होतं. पाचांनाही घरी मोठी भावंडं होती.

शुक्रवारी माझ्या मुलांना लिहायला देऊन मी पहिलीच्या खिडकीशी गेले. टेबलाशी ओसे नावाचा गोबऱ्या गालांचा मुलगा होता. पुस्तकावर बोट फिरवत, मान डोलवत तो वाचत होता, "इबू नेलांच्या नाकात दोन उंदीर राहतात. एक उंदीर नाचतो, एक उंदीर पादतो."

"छान," नेला म्हणाल्या. "थोडं हळू. पुढे?"

"पादून पादून त्याचं पोट दुखलं."

"शाब्बास." आणि खूण.

मागे रांगेत उभी मुलं तोंडात सदरे कोंबून हसू दाबत होती. ओसेनंतर एक छोटी मुलगी आली. ती चेष्टा करत नव्हती. "बा," म्हणाली. परत "बा." पुढे काही येईना. तिने मदतीसाठी वर बघितलं. नेला तिच्या ओठांकडे टक लावून होत्या. ओठ दोनदा हलले, थांबले. "शाब्बास, बस," नेला म्हणाल्या आणि खूण केली. मुलगी हलेना. आपण वाचलेलं नाही हे तिला कळत होतं. कुणीतरी मागून ढकललं तेव्हा ती बाजूला झाली.

उंदरांचं मला एवढं लागलं नाही. त्या मुलीच्या तोंडाकडे मला बघवेना.

दुपारी मी नेलांच्या घरी गेले. चर्चच्या कुंपणाला लागूनच त्यांची खोली होती. चुलीवर खापरात मका भाजत होत्या आणि गरम गरम दाणे एकेक करून दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने चपटे करत होत्या. "ये, ये. खा," म्हणाल्या. मी समोर बसले. मी बोलायला लागले, की वर्गाबद्दल बोलायचंय, मुलांबद्दल. त्या "हो, हो" म्हणत राहिल्या.

मग मी एक दुष्टपणा केला. तोंडावर हात धरला आणि विचारलं, "इबू, माझं नाव काय?"

त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मी परत विचारलं. खापरातले दाणे करपायला लागले. धूर झाला तरी त्या हलल्या नाहीत.

"हात काढ, तेक्ला," शेवटी म्हणाल्या.

मी हात काढला.

"कधीपासून, इबू?"

"इंजेक्शनं चालू होती तेव्हापासून. आधी आत शिट्टी वाजायची, सारखी. झोपू द्यायची नाही. मग तीही गेली." खापर त्यांनी खाली उतरवलं. "मी तोंडाकडे बघते. जमतं बरंचसं. पण बा, मा, पा म्हणताना ओठ एकसारखेच दिसतात. तू कधी आरशात बघितलंयस?"

"सांगायचं तरी."

"कुणाला? सिस्टरांना? त्या पहिली काढून घेतील. मग मी कोण? क्षयवाली म्हातारी." करपलेले दाणे बाजूला काढत त्यांनी विचारलं, "मुलं काय म्हणतात टेबलाशी?"

"काही नाही, इबू."

"तेक्ला. मला आता तुझं तोंड वाचता येतं. काय म्हणतात?"

मी उंदरांचं सांगितलं. त्या किंचित हसल्यासारख्या झाल्या. "ओसे ना? डोकं आहे त्याला." मग म्हणाल्या, "आणि तुझी तिसरी?"

मी पाच बोटं दाखवली.

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. माझे तेवीस, दुसरीतले सव्वीस, यंदाचे बावीस. मोजून झाल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यानंतर मी काय काय बोलले ते त्यांनी बघितलंच नाही. त्या खाली बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून मुख्याध्यापिकांकडे गेल्या. सिस्टर अदेल्फा वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या. फाट्यावर सरकारी शाळा उघडली होती, नवी कोरी, फरशीची. दरवर्षी आमची दहा-बारा मुलं तिकडे जात होती. त्यांनी मला मध्ये बसवलं, कारण नेला मधेच खाली बघायच्या आणि मग समोरचं माणूस काय बोलतंय ते त्यांना कळायचं नाही.

"इबू नेला, तुम्ही उद्यापासून वेदीची वस्त्रं आणि फुलं बघा," सिस्टर म्हणाल्या. "पहिलीला मी कुणीतरी बघते. मुलं वरच्या वर्गात जाऊ देत. शिकतील हळूहळू. आणि ही गोष्ट या खोलीबाहेर नको."

"मुलं मला परत द्या," नेला म्हणाल्या. त्यांचा आवाज हल्ली सपाट झाला होता, मोठा. बाहेर अंगणात ऐकू गेला असेल. "शनिवारी दुपारी. सगळी एकाहत्तर."

"उजळणीचा वर्ग म्हणून घ्या. कारण सांगू नका."

नेलांनी मान डोलावली आणि संध्याकाळपासून घरोघर जाऊन कारण सांगायला सुरुवात केली. मी बरोबर होते. दारात उभ्या राहायच्या आणि पाठ केल्यासारखं म्हणायच्या, "तुमच्या मुलाला वाचता येत नाही. चूक त्याची नाही, माझी आहे. मला ऐकू येत नाही. शनिवारी पाठवा."

केवाची आजी मासे वाळत घालत होती. ती म्हणाली, "इबू, वाचता तर मलाही येत नाही. बसा, जेवून जा." ओसेचा बाप मात्र अंगावर धावून आला. "दोन पोरं तुमच्या हाताखालून गेली! दोन! पोरगं घरी येऊन हसत होतं, मला वाटलं शाळेत लक्ष लागतंय." तो बोलत राहिला. नेला त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या, एकही शब्द निसटू नये म्हणून. मीच नजर फिरवली. सोमवारी त्याची तिन्ही मुलं सरकारी शाळेत गेली. महिन्याभरात त्यांच्यामागून आणखी चौदा.

पहिल्या शनिवारी चाळीसेक मुलं आली. नेला शिकवायच्या तशाच, अगदी पूर्वीसारख्या. फक्त मी शेजारी बसायची. मूल चुकलं की मी त्यांच्या मनगटावर बोट दाबायची, मग त्या त्याला थांबवायच्या. बोट दाबून दाबून दुपार सरेपर्यंत त्यांचं मनगट लाल व्हायचं. त्या हात मागे घ्यायच्या नाहीत.

पण तिसरीच्या मुलांना पहिलीच्या पोरांबरोबर बा-बी-बू म्हणायची लाज वाटायची. दामियान तिसऱ्या शनिवारी पुस्तक छपराच्या पत्र्यावर फेकून समुद्रावर गेला. मग मक्याची पेरणी आली. मग कुणाच्या आजोबांचं मयत, कुणाच्या होडीचं काम. बावीस झाली, नऊ झाली. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत एकटी केवा उरली.

केवा एकही शनिवार चुकवत नव्हती. पण अक्षरं समजायला लागली तशी ती गप्प होत गेली. दोन अक्षरं जोडायला तिला इतका वेळ लागायचा की पहिलं अक्षर विसरायची. कपाळाला घाम यायचा. एका दुपारी तिने पुस्तक मिटलं आणि मला म्हणाली, "इबू, मला आधी वाचता यायचं. हे सुरू केल्यापासून येईनासं झालंय."

नेलांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाली?"

केवाने मान खाली घातली होती, त्यामुळे त्यांना ओठ दिसले नव्हते. मी म्हटलं, "दमलेय म्हणाली."

त्या वर्षी माझं लग्न झालं, दिवस गेले, उलट्या सुरू झाल्या. मी शनिवारी जाणं सोडलं. दोन-तीन आठवड्यांसाठी, असं मी म्हटलं होतं. नेला एकट्याच केवाला घेऊन बसत राहिल्या, ओठांकडे बघत. मला ते माहीत होतं. घरी पडल्या पडल्या शनिवारी दुपारी मला ते आठवायचं आणि मी कूस बदलायची.

सप्टेंबरात केवाच्या आईचा निरोप आला. तिकडे धाकटं भावंड झालं होतं, सांभाळायला मोठीला पाठवा. केवा तेव्हा दहा वर्षांची होती. आजीने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. आमच्या गावात कुणीच म्हणत नाही. एक चुलत मामी तिकडे निघाली होती, तिच्याबरोबर पाठवायचं ठरलं.

धक्क्यावर मीही गेले होते, पोट सावरत. नेला सकाळपासून येऊन बसल्या होत्या. पुढ्यात जहाज उभं होतं, पांढऱ्या अंगावर निळ्या मोठ्या अक्षरांत नाव. नेलांनी केवाला जवळ ओढलं. "तुला पत्रबित्र लिहायला सांगत नाही मी," त्या म्हणाल्या. "फक्त ते जहाजाचं नाव वाचून दाखव. मग जा."

केवाने बघितलं. पहिल्या अक्षरावर तिचे ओठ हलले, दुसऱ्यावर हलले. मग ती थांबली. मग एकदम पूर्वीसारखी ताठ उभी राहिली, बोट वर करून हवेत डावीकडून उजवीकडे नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "निळं जहाज मुलीला तिच्या आईकडे नेतं."

नेला तिच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचं मनगट माझ्या हाताला लागूनच होतं. मी बोट दाबलं नाही.

"शाब्बास," त्या म्हणाल्या आणि तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. मामीने केवाला ओढत फळीवरून नेलं. तिथून तिने मागे वळून बघितलं की नाही, मला सांगता येत नाही. माणसांची आणि गाठोड्यांची फार गर्दी होती.

त्यानंतर दोन वर्षांनी शाळा बंद झाली. शेवटच्या वर्षी सगळ्या वर्गांत मिळून एकोणीस मुलं होती. सिस्टर अदेल्फांची बदली झाली. मला फाट्यावरच्या सरकारी शाळेत जागा मिळाली. मी आजही तिथेच आहे. दामियान मासेमारीच्या बोटीवर आहे. भेटला की लांबूनच हसतो. एकदा बोटीवर काही कागदावर अंगठा करायचा होता, तर कागद घेऊन माझ्या दारी आला, म्हणाला, "इबू, यात काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरं," आणि गेला. केवाची आजी वारली. केवाचं काही कळलेलं नाही. मामी परत आली तेव्हा म्हणाली, मुलगी मोठी झालीय, मळ्यात जाते. आणखी काही तिला सांगता आलं नाही.

नेला डोंगरावरच्या वाडीत भावाकडे राहायला गेल्या. मी वर्षातून एकदा जाते, मृतांच्या सणाला, ट्रक मिळाला तर. गेल्या खेपेला गेले तर खोकला परत सुरू झाला होता. भावजय म्हणाली, "दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकत नाहीत. सुया नकोत म्हणतात." मी समोर बसून नीट ओठ हलवत म्हटलं, "इबू, आता वेगळी औषधं मिळतात. इंजेक्शनं लागत नाहीत."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. पूर्वी बघायच्या तसं नाही, माणूस भिंतीकडे बघतो तसं. मग त्या स्वतःच बोलायला लागल्या. यंदा वाल चांगला आला नाही. डुकरीण व्यालीय, पण पिल्लं जगत नाहीत. खालच्या झऱ्याला पाणी कमी. सपाट आवाजात, कुठे श्वास घ्यायचा तेही न कळता. माझ्या मुलाचं विचारलं नाही, शाळेचं विचारलं नाही. मी त्यांचा हात हातात घेतला तर त्यांनी तो हळूच सोडवला आणि वाल सोलायला घेतला.

भावाची नात अंगणात दगडांशी खेळत होती. सहा वर्षांची असेल. मी तिला विचारलं, शाळेत जातेस का? ती म्हणाली, शाळा खाली आहे, लांब.

मी ट्रकची वाट बघत बसून राहिले. नेला वालाची टोपली मांडीवर घेऊनच झोपल्या. रस्त्यावर ट्रकचा भोंगा बराच वेळ वाजत होता. मी त्यांना उठवलं नाही.